तीन दिवसांचं औषध

धुळाप्पा बंडगर घोरतो, हे सोलापुरात आल्यावर त्याला लोकांनी सांगितलं. त्याआधीच्या सव्वीस वर्षांत तसं कुणी म्हणालं नव्हतं. सांगोल्याच्या पलीकडच्या माळावर तो मेंढरांमागं वाढला. उघड्यावर त्याच्या शेजारी घोंगडी टाकणारा मामेभाऊ बिरप्पा तर सांगायचा, "धुळा एकदा पडला की जित्ता हाय का मेलाय ते नाकाम्होरं हात धरून बघावं लागायचं." पुढं बापाच्या कळपाची वाटणी झाली. वाट्याला आलेल्या मेंढरांत दोन भावांचं भागेना. बिरप्पा आधीच गिरणीत लागला होता. त्याच्या मागोमाग धुळाप्पाही आला. ते साल चौतीस.

गिरणीत त्याला गासड्या फोडायच्या खात्यात घेतलं. लोखंडी पट्ट्यांनी आवळून दगड झालेला कापूस तिथं सुटा करायचा आणि पिंजणाऱ्या यंत्राच्या तोंडी द्यायचा. कापूस हलका असतो असं बाहेरची माणसं समजतात. त्या खात्यात कापूस हवेत उभा असायचा. दिव्याभोवती, भुवयांवर, पापण्यांत, शेजारच्या माणसाच्या आणि आपल्या मध्ये. दहा तास तो नाकानं आत घ्यायचा आणि सकाळी भोंगा झाला की चाळीच्या नळावर राखाडी शेंबडातून बाहेर टाकायचा. दोन महिने नाकानं हे निभावलं. मग डावी नाकपुडी बंद झाली. दिवाळीच्या सुमारास उजवीही.

रातपाळीचे चौघे गोजाबाईच्या खानावळीत राहायचे. खानावळ म्हणजे चाळीतली एक खोली आणि पुढं पडवीत चूल. खोली रात्री दिवसपाळीची आणि दिवसा रातपाळीची. सकाळी सहाला दिवसपाळीचे लोक उठून जायचे, आणि तासाभरात रातपाळीचे त्यांच्याच उबेवर अंग टाकायचे. प्रत्येकाला एका घोंगडीएवढी जागा. बाकी सगळं त्या जागेवर उभं होतं. भाकरी तिच्यामुळे मिळायची, ताप आला तर पाणी तिच्यामुळे मिळायचं, आणि नव्या माणसाला उद्या काम द्यावं की नाही हे जॉबरच्या, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या, कानावर घालणारा माणूस त्याच जागेपासून दोन हातांवर झोपलेला असायचा. तो माणूस म्हणजे करकंबचा रावजी. पन्नाशीचा, साच्यावरचा जुना विणकर. त्याच्या शब्दावर धुळाप्पा गिरणीत चिकटला होता. दारापाशी रावजी, त्याच्या शेजारी कोंडीबा, मग धुळाप्पा, आणि भिंतीकडेला बिरप्पा. अशी चौघांची रांग.

पहिल्यांदा त्याला रावजीनं लाथ घालून उठवलं. बाहेर लख्ख ऊन होतं, नऊ-साडेनऊ झाले असतील.

"धुळ्या, गिरणी बंद करून आलो की रं आमी. तू हितं दुसरी चालू केलीस व्हय?"

"काय झालं, आण्णा?"

"काय झालं इचारतूय. घोरतूयास. कापड फाडल्यावानी."

"मी?"

कोंडीबा कुशीवर वळून म्हणाला, "न्हाय, बिरप्पाची घोंगडी घोरतीय. झोप आता, पर त्वांड मिटून झोप."

तोंड मिटलं की त्याला श्वास मिळेना. तोंड उघडलं की झोप लागायची आणि झोप लागली की लाथ बसायची. हे त्याला कुठल्याच बाजूनं धरता येईना. चोरी केली असती तर निदान ती करताना आपण तिथं असतो. इथं तो नसतानाच त्याच्या तोंडून काहीतरी घडत होतं, तिघं साक्षीदार होते, आणि शिक्षा मात्र जागा झाल्यावर त्याला भोगायची होती. तो म्हणायचा, "मला तर कायबी ऐकू येत न्हाय," आणि तिघं हसायचे. त्या हसण्यात झोप नसलेल्या माणसांचा राग असायचा.

रावजीनं एक युक्ती काढली. धुळाप्पाच्या पायाच्या अंगठ्याला सुताची दोरी बांधायची आणि तिचं टोक कोंडीबाच्या हातात द्यायचं. घोरला की ओढायची. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी कोंडीबानं झोपेतच दोरी मुठीला गुंडाळली आणि कूस बदलली. धुळाप्पा ओरडत उठला, सगळे उठले, आणि दोरी चुलीत गेली.

गोजाबाईनं तिच्या परीनं सगळं केलं. ती करमाळ्याकडची, नवरा गिरणीतच खपलेला. दहा-बारा माणसांना रांधून घालणारी बाई, बोलायला फटकळ. ओवा तव्यावर भाजून त्याची पुरचुंडी तिनं हुंगायला दिली. सुंठ उगाळून कपाळाला लावली. निलगिरीचं तेल रुमालावर टाकून बघितलं, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर चादर घेऊन बसवलं. कुणीतरी तपकीर सांगितली, तीही झाली. तपकिरीनं तो पंचवीस शिंका शिंकला आणि नाक होतं तिथंच राहिलं. वाफेनं घटकाभर एक बाजू मोकळी व्हायची. तो घाईनं आडवा व्हायचा, आणि डोकं टेकताच ती बाजू आतून कुणीतरी बोळा कोंबावा तशी बंद व्हायची.

"तुजं नाक हाय का गिरणीमालकाचा कान?" गोजाबाई म्हणाली. "कायबी आत जाईना."

पौषात कोंडीबाला उभ्या उभ्या डुलकी लागली. यंत्राच्या पट्ट्याला हात लागला आणि मधल्या बोटाचं नख गेलं. नखावरच भागलं म्हणून सगळ्यांनी देवाचे आभार मानले. सकाळी कोंडीबा चिंधी गुंडाळलेलं बोट समोर धरून बसला. बोलला काहीच नाही. बोलायला रावजी होता.

"धुळ्या, आज नख गेलं. उद्या हात जाईल. आठ दिस देतो. आठ दिसांत तुजं नाक गप झालं तर ठीक. न्हायतर दुसरी जागा बघ."

"कुटं बघू, आण्णा? दिसा झोपायला कोन देतंय?"

"ते मला ठाव न्हाय. मला माजा साचा हाय."

धुळाप्पानं बिरप्पाकडं बघितलं. बिरप्पा तंबाखू मळत होता.

त्याच दिवशी तो दवाखान्यात गेला. डॉक्टर तरुण होते, पुण्याला शिकून आलेले. कपाळाला आरसा बांधून त्यांनी त्याच्या नाकात बघितलं. धुळाप्पाला वाटलं, आत बघायला काहीच नसेल, नुसता कापूस असेल.

"आतून सुजलंय," डॉक्टर म्हणाले. "धुळीनं. वाटच उरलेली नाही. नाकानं वारा जात नाही म्हणून तोंड उघडतं, तोंड उघडलं की घोरणं. नाक मोकळं झालं तर घोरणं कमी होईल."

"किडं हैत का, साहेब?"

"किडे कशाला असतील? सूज आहे." त्यांनी कंपाउंडरला औषध सांगितलं. इंग्रजी नाव होतं, एफेड्रिन. "हे नवीन आहे. क्वेट्ट्याकडच्या एका झुडपातून काढतात. झोपायच्या आधी दोन्हीकडे दोन-दोन थेंब. सूज उतरेल. पण तीनच दिवस. चौथ्या दिवशी बाटली फेकून द्यायची. समजलं?"

"व्हय, साहेब."

"आणि कामावरून आलास की कोमट पाण्यात मीठ घालून नाक धुवायचं. रोज. धूळ आत राहू द्यायची नाही. ते मात्र कायम करायचं."

"व्हय."

दुसरी गोष्ट त्यानं ऐकली आणि दवाखान्याच्या पायरीवरच सोडून दिली. मीठ गोजाबाईच्या डब्यात होतं. जे डब्यात असतं ते औषध कसं असेल? औषध त्याच्या मुठीत होतं, काळसर बाटलीत, रबरी बोंडाच्या काचेच्या नळीसकट.

दुसऱ्या सकाळी घोंगडीच्या वळकटीवर मान टाकून तो उताणा झाला आणि बिरप्पानं थेंब टाकले. कडू पाणी घशात उतरलं. काही झालं नाही. रावजी म्हणाला, "झालं का रामायण?" आणि पाठ फिरवली. मग धुळाप्पाला कपाळाच्या आत कुठंतरी काहीतरी मागं सरकल्यासारखं वाटलं. उजवीकडून वारा आला. मग डावीकडून. तो सरळ, थंड, थेट डोक्यात गेला.

दिवाळीनंतर पहिल्यांदा त्याला वास आला. पडवीतल्या चुलीत जळणाऱ्या तुरकाट्यांचा धूर, करपलेल्या भाकरीचा पापुद्रा, रावजीच्या अंगाचं साच्याचं तेल, दिवसपाळीवाल्यांचा शिळा घाम. आणि त्याच्या अंगावरच्या घोंगडीचा. ती घोंगडी तो रोज पांघरत होता, पण ती मेंढरांच्या लोकरीची आहे हे त्याचं नाक विसरलं होतं. त्यानं ती तोंडावर घेतली आणि माळ, ओली लोकर, पिलांचं दूध, सगळं एकदम अंगावर आलं. तो तसाच झोपला.

जाग आली तेव्हा तीन वाजले होते. तिघं उठून बसले होते. त्यांचे चेहरे त्याला ओळखू येईनात. झोप झालेली माणसं त्यानं त्या खोलीत कधी बघितलीच नव्हती. रावजीनं स्वतःची विडी त्याच्याकडं सरकवली.

"मेल्यागत पडला व्हतास की," बिरप्पा म्हणाला. "मी नाकाम्होरं हात धरून बघितला."

तीन दिवस असे गेले. कोंडीबाचं बोट भरायला लागलं. गोजाबाईनं एका दिवशी गुळाची पोळी केली. चौथ्या सकाळी धुळाप्पानं बाटली खिडकीत ठेवली आणि म्हणाला, "डाक्टरनं सांगितलंय, बास."

"बास म्हंजे?" रावजी उठून बसला.

"तीनच दिस घालायचं."

बिरप्पानं मान हलवली. "धुळा, मेंढराच्या नाकात किडं पडल्यावर आपन तंबाखूचं पानी किती दिस घालतूय?"

"अमुशा ते अमुशा."

"आन् मदीच सोडलं तर?"

दोघांनाही माहीत होतं. बिरप्पाच्या बापानं एके वर्षी मेंढरं शिंकायची थांबली म्हणून आठ दिवसांत पाणी बंद केलं होतं. पंधरवड्यात अर्धा कळप मान वाकडी करून फिरत मेला. तेव्हापासून त्यांच्या घरात हा नेम होता, की आजार दिसेनासा झाला तरी अमावस्या पुरी होईपर्यंत हात थांबवायचा नाही. कळपामागं जन्म काढलेल्या माणसाच्या दृष्टीनं हे वेदवाक्य होतं. धुळाप्पाच्या नाकात किडे नव्हते, एवढाच फरक. पण तो फरक बाहेरून दिसत नव्हता.

"डाक्टर लेकाचा शहरातला," बिरप्पा म्हणाला. "त्याला अर्ध्या औषधाचं पाप काय ठाव? आडवा हो."

धुळाप्पा आडवा झाला. त्याची मोकळी नाकपुडीही तेच सांगत होती.

बाटली संपली तेव्हा तो पुन्हा दवाखान्यात गेला. डॉक्टर पडद्याआड रोगी बघत होते. औषधं द्यायला शिवयोगी होता, अक्कलकोटकडचा, कानडी मिसळून बोलणारा, कपाळाला भस्म लावणारा कंपाउंडर.

"पुन्हा काय गा?"

"थेंब. संपलं."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

धुळाप्पा म्हणाला, "व्हय." आयुष्यात त्यानं ठरवून बोललेलं हे पहिलं खोटं असावं.

"बरं. त्यांनी सांगितलं तर आपलं इल्ला का म्हणायचं?" शिवयोगीनं बाटली भरून दिली. त्यानंतर त्यानं विचारणंही सोडलं.

अमावस्या झाली. बिरप्पाच्या हिशेबानं औषध पुरं झालं होतं. त्या सकाळी थेंब घातले नाहीत, आणि धुळाप्पाचं नाक असं बंद झालं की पूर्वी ते बंद होतं म्हणायला लाज वाटावी. तोंडानं श्वास घेत तो जागा राहिला. शेवटी झोप लागली आणि अर्ध्या तासात त्याला तिघांनी मिळून उठवलं.

"बघ," बिरप्पा म्हणाला, "रोग उलटलाय. आनखी एक अमुशा."

इथून पुढं सगळं कसं उतरत गेलं ते धुळाप्पाला नीट सांगता यायचं नाही. आधी थेंब सात तास पुरायचे. मग चार. मग दुपारी बारालाच नाक मिटायला लागलं, म्हणून उठून पुन्हा घालायचे. मग बाटली गिरणीत, बंडीच्या आतल्या खिशात. गासडी फोडता फोडता तो कोपऱ्यात जाऊन मान मागं टाकायचा. घातल्यावर घटकाभर तो माळावरचा धुळाप्पा असायचा. ती घटका दिवसेंदिवस आखूड होत गेली. छाती उगाच धडधडायची. अंग थकलेलं आणि डोळे टक्क उघडे. त्यातून झोप लागली की घोरणं, पूर्वीपेक्षा मोठं, मध्येच अडणारं. कोंडीबा म्हणायचा, "अडल्यावर बरं वाटतंय, पर मग वाट बघत बसावं लागतंय, पुन्ना कवा सुरू हुतंय म्हनून. त्यापरीस चालू असल्यालं बरं."

रावजीला संशय आला. "धुळ्या, तू थेंब घालतूस का नुसती बाटली दावतूस?"

"घालतो, आण्णा."

"मग गुन का न्हाय? आजपास्नं आमी घालनार."

तेव्हापासून पाळी लागली. एक दिवस बिरप्पा, एक दिवस रावजी, एक दिवस कोंडीबा. बिरप्पा दोन मोजायचा. रावजी चार घालायचा, आणखी एक वर. कोंडीबा आपलं बिननखाचं बोट बोंडावर ठेवायचा आणि मोजायचा नाही. धुळाप्पा मान मागं टाकून पडायचा. वर पत्रा होता. पत्र्याला पडलेल्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली यायच्या आणि त्यांत कापूस तरंगत असायचा. तो कपड्यांतून, केसांतून इथवर यायचा. कडू पाणी घशात उतरायचं. आपण या माणसांच्या हातातलं मेंढरू झालो आहोत हे त्याला कळत होतं. चीड याची होती, की मेंढरासारखं पाय झाडायचीही त्याला सोय नव्हती. ही माणसं त्याच्या भल्यासाठीच करत होती. त्यांची झोप गेली होती, ती त्याच्यामुळे गेली होती, आणि ती परत देण्यासारखं त्याच्याकडं काही नव्हतं.

फाल्गुनात तो पडदा बाजूला सारून थेट डॉक्टरांसमोर उभा राहिला. डॉक्टरांनी आरसा लावला, नाकात बघितलं आणि आरसा काढून टेबलावर ठेवला.

"किती दिवस घालतोयस?"

"दोन महिनं झालं, साहेब."

"मी किती सांगितले होते?"

"तीन."

डॉक्टर शिवयोगीकडं बघून इंग्रजीत काहीतरी बोलले. शिवयोगी बाटल्या पुसायला लागला. मग ते धुळाप्पाला म्हणाले, "आता ऐक. आधी तुझं नाक धुळीनं बंद होत होतं. आता ते औषधानं बंद होतंय. थेंबांचा जोर ओसरला की नाक जास्त सुजतं, म्हणून तू पुन्हा थेंब घालतोस. हे असंच चालणार. आजपासून बंद."

"बंद केल्यावर उघडंल?"

"उघडेल. पण दहा-पंधरा दिवस लागतील. आणि ते दिवस आतापेक्षा वाईट जातील. मिठाच्या पाण्यानं धूत राहा. धूत होतास का?"

धुळाप्पानं बाहीला नाक पुसलं.

"वाटलंच."

"साहेब, ते पंधरा दिस घोरनं…"

"वाढेल."

"मग मी झोपू कुटं?"

डॉक्टरांनी हात उघडले. त्या हातांत काही नव्हतं. "ते माझ्याकडे कसं असेल, बाबा?"

चाळीत आल्यावर त्यानं सांगायला सुरुवात केली, आणि सांगता सांगताच त्याच्या लक्षात आलं की हे कुणालाच पटणार नाही. त्याला स्वतःलाही मध्येमध्ये पटत नव्हतं.

"म्हंजे औषधानं घोरतूयास," रावजी म्हणाला.

"व्हय."

"आन् औषध सोडलं की घोरनं थांबंल."

"थांबंल. पर आदी वाढंल."

"वाढंल." रावजीनं कोंडीबाकडं बघितलं. "ऐकलंस? दारू सोडायला आदी आनखी पिपभर प्या म्हनतोय."

"तसं न्हाय, आण्णा. पंधरा दिस. पंधराच दिस काढा."

"तू आल्यापास्नं आमी काडतूयच की दिस. आमच्या झोपंचं काय पीक येतंय का वर्साला?"

कोंडीबानं आपलं बोट वर धरलं. नखाच्या जागी पातळ, गुलाबी कातडं आलं होतं. "ह्ये बी पंधरा दिसांत येतंय म्हनला व्हता, ह्योच डाक्टर."

धुळाप्पा बिरप्पाकडं वळला. "तू सांग की. तुज्या अमुशापायी झालंय ह्ये."

बिरप्पाचं तोंड काळवंडलं. "मी चांगल्यासाठी सांगितलं. तुला मी गिरणीत आनलं, आता मलाच बोल." मग भिंतीकडं तोंड करून तो म्हणाला, "मेंढराला लागू पडतंय. मानसाचं नाकच बेइमान."

रावजीनं निकाल दिला. "थेंब घालायचं तर हितं झोप. न्हाय घालायचं तर भाईर. जॉबरला मी कायबी सांगत न्हाय, पर झोप न्हाय झाली तर तूच पडशील यंत्रात."

तेव्हा पडवीतून गोजाबाई बोलली. ती भाकरी थापत होती आणि थापायची थांबली नाही.

"भाईर कुनीबी जानार न्हाय. खोली माजी हाय. तुमी तिघं दोनपत्तोर झोपा. मग उठायचं, च्या घ्यायचा, बाजारात हिंडायचं. दोन ते सहा धुळा झोपल. घोरू दे न्हायतर गाऊ दे. सकाळच्या पारी त्यानं हितं चुलीपाशी बसायचं, लाकडं फोडायची, दळान दळायचं."

रावजीला यात हरकत घ्यायला जागा दिसेना. "चार तासांत त्याचं भागतंय व्हय?"

"तुला त्याची काळजी कवापास्नं?"

म्हणजे खोलीच्या दोन पाळ्यांत गोजाबाईनं तिसरी घुसवली. वीस दिवस धुळाप्पा तशा पाळीनं राहिला. सकाळी दहा तासांची पाळी करून यायचा, कोमट मिठाचं पाणी नाकात ओढायचा, डोळ्यांतून पाणी काढत खोकायचा आणि पडवीत बसायचा. आतून तिघांच्या झोपेचा शांत आवाज यायचा. तो जात्याला बसला की डोकं खुंट्यावर आपटायचं. दोन वाजता आत जायचा. नाक दगड झालेलं. पहिले चार दिवस तो भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपला. आठव्या दिवशी खिडकीत ठेवलेली बाटली त्यानं उचलली, बोंड दाबलं, काचेत औषध चढलेलं बघितलं. मग पडवीत येऊन ती गोजाबाईच्या हातात दिली आणि म्हणाला, "आक्का, ह्ये वत." तिनं ते मोरीत ओतलं आणि बाटली धुऊन तिच्यात हिंग ठेवला.

तेराव्या दिवशी उजवी बाजू उघडली. सतराव्या दिवशी डावी. थेंबांनी उघडायची तशी एकदम नव्हे. जुनी, गंजलेली कडी हळूहळू निघावी तशी. नाकावर ओलं फडकं बांधून तो कामाला जायला लागला. खात्यातले लोक हसले, त्यानं हसू दिलं.

एकविसाव्या सकाळी तो रावजीला म्हणाला, "आण्णा, नाक मोकळं झालंय. आता माजी सकाळची जागा मला द्या."

"कशावरनं?"

"म्हंजे?"

"घोरत न्हाईस कशावरनं?"

धुळाप्पा झोपायचा तेव्हा खोलीत कुणीच नसायचं. घोरायचा तेव्हा तीन साक्षीदार होते. आता गप्प झोपत होता तर एकही नव्हता. त्याला आपलं घोरणं कधी ऐकू आलं नव्हतं, तसंच हे गप्प असणंही त्याच्या कानांच्या पलीकडचं होतं. शिवाय त्याची जागा आता मोकळी राहिली नव्हती. कोंडीबाची वाकळ इकडं पसरली होती, बिरप्पाचे पाय तिकडून आले होते. ऐसपैस झोपायची तिघांना सवय झाली होती. ही सवय मोडायला त्यांना कुठलं कारण नव्हतं.

त्यानं गोजाबाईला गळ घातली. दुपारी ती उंबऱ्यात तूरडाळ निवडत बसली आणि चार तास कान देऊन राहिली. संध्याकाळी ती रावजीला म्हणाली, "सुई पडल्याली ऐकू आली असती."

"तुजं काय घिऊन बसलीस, गोजाबाई," रावजी म्हणाला. "तू मायेपोटी सांगनार. बाईची साक्ष कोन धरतंय?"

"मग ठिवा त्याला चुलीपाशी. आन् गुपचीप मरू दे," असं म्हणून ती उठली, आणि त्या सांजेला रावजीच्या ताटात भाकरी आपटून पडली.

दुसऱ्या सकाळी धुळाप्पानं कुणाला विचारलं नाही. पाणी ओढून नाक धुतलं, भाकरी खाल्ली, आणि तिघं अंग टाकत असताना घोंगडी घेऊन तो कोंडीबा आणि बिरप्पाच्या मधल्या फटीत जाऊन पडला. कूस बदलायलाही जागा नव्हती. एक खांदा कोंडीबाच्या पाठीला, एक भिंतीकडच्या बिरप्पाच्या दंडाला.

"ऊठ," रावजी म्हणाला.

तो उठला नाही.

"धुळ्या, ऊठ म्हनतोय."

"उटवा," धुळाप्पा म्हणाला. "घोरलो की उटवा. मग जातो. पुन्ना येत न्हाय. गावाकडं जातो."

बाहेर नळावर बायका भांडत होत्या. पत्रा तापायला लागला होता. चौघंही डोळे मिटून जागे होते, आणि प्रत्येकाला बाकीचे जागे आहेत हे कळत होतं. धुळाप्पा वाऱ्याकडं लक्ष ठेवून पडला होता. आत. बाहेर. आत. झोप आली तर सगळं जाईल असं त्याला वाटत होतं, आणि आली नाही तरी काही मिळणार नव्हतं. बिरप्पाच्या दंडाचा भार हळूहळू सैल पडला. कोंडीबाची पाठ संथ झाली. मग काय झालं ते धुळाप्पाला माहीत नाही.

डोळे उघडले तेव्हा ऊन दारातून सरकून भिंतीवर गेलं होतं. कोंडीबा आणि बिरप्पा झोपलेले होते. रावजी उंबऱ्याशी पाठ टेकून बसला होता. त्याचे डोळे लाल होते. विडी विझली होती आणि तो ती तशीच ओढत होता.

"आण्णा?"

"घोरला न्हाईस," रावजी म्हणाला. फसवणूक झालेल्या माणसाचा त्याचा आवाज होता.

"मग?"

"मग काय. मी झोपलो न्हाय. आता घोरशील, मग घोरशील म्हनून ऐकत बसलो." त्यानं विडी फेकली. "आता साच्यावर मी पडतो, तुजी बला टळली."

तो उठून नळावर तोंड धुवायला गेला. धुळाप्पा तसाच पडून राहिला. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण रावजीच्या डोळ्यांची लाली त्याच्या मनातून जाईना. शेजारी कोंडीबा अर्धवट जागा झाला, कुणाच्या अंगाशी आपण दाटलो आहोत ते त्यानं बघितलं, काहीतरी पुटपुटला आणि आपली वाकळ आत ओढली. वीतभर. त्याहून जास्त नाही.